निळी काच

साथीच्या कक्षाचं दार उघडायला बंदी होती. बटण दाबताच पारदर्शक होणारी काचही आठवडाभर गडद निळीच राहिली होती. काचेबाहेर म्हातारी शालन उभी होती; आत तिची धाकटी बहीण कुमुद होती, जन्मापासून बहिरी.

"आजी, काचेवरचा रंग बदलणारा ऑक्साइडचा थर मेलाय," तंत्रज्ञ म्हणाला. "जास्त दाबाची वीज दिली तर क्षणभर उजळेल. मग कायमची काळी."

"दे बाबा. तिला वाटत असेल, मी सोडून गेले."

लहानपणी दोघींची एक खूण होती. दोन्ही तळवे छातीवर ठेवले की, मी इथंच आहे.

काच उजळली. कुमुद पाठमोरी बसली होती.

"कुमे, वळ ना गं!" शालनने काचेवर मुठी आपटल्या.

हादऱ्याने कुमुद वळली. शालनचे हात छातीकडे येईपर्यंत काच काळी झाली होती.