खालच्या फळीवरचा कॅमेरा

"माइक बोलतोय," लॉइड म्हणाला.

ब्रुकलिनच्या त्या खोलीत सहा फोन होते आणि सहाही जण फोनवर माइकच असायचे. गिऱ्हाइकाने तक्रार केलीच, तर कुठल्या माइकची करणार? ही अक्कल मालकाची, डेकरची.

पलीकडे एक म्हातारा खाकरला. "मासिकात तुमची जाहिरात बघितली. सगळ्यांत स्वस्त कॅमेरा तुमचाच. म्हणूनच तुमचा भरवसा वाटत नाही."

लॉइडच्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासून तो धुमसतच होता. डेकरने सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा केला होता. "खालची फळी आज रिकामी झाली नाही, तर सोमवारपासून घरी बस आणि पोरगी सांभाळ!"

पोरगी तीन महिन्यांची होती. बाळंतपणाच्या बिलापायी लॉइडने स्वतःचा कॅमेरा विकला होता. दिवसभर लोकांना कॅमेरे विकायचे आणि घरी पोरीचा एक फोटो नाही, म्हणून बायको, कॅरिन, रोज टोमणा मारायची.

खालच्या फळीवर गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले कॅमेरे असत. ते पुसायचे, नव्या खोक्यात घालायचे आणि लांबच्या कुणाच्या तरी गळ्यात मारायचे. आता एकच उरला होता. चार फोटो काढले की त्याचं शटर अडकायचं. तळाला मोठा ओरखडा होता. त्यात सकाळीच लॉइडने बुटाचं काळं पॉलिश भरलं होतं.

"विचारा, आजोबा, काय ते."

"आजोबा म्हणू नकोस. मला आजोबा म्हणणारी मोजकीच आहेत, आणि त्यांत तू नाहीस." कागद फडफडला. "मी यादी केलीय. वॉरंटी इथल्या कंपनीची, की माल बाहेरून आणलेला?"

"इथल्या कंपनीची."

"पट्टा, लेन्सचं झाकण, बॅटरी? की खोक्यातलं काढून मलाच परत वेगळं विकणार?"

"सगळं खोक्यात."

"लेन्स त्याच कंपनीची?"

"त्याच."

"चामड्याची पिशवी, फिल्टर, असलं काही मी घेणार नाही. विषयसुद्धा काढू नकोस."

शेजारचा माइक ऐकून फिदीफिदी हसला. अशा गिऱ्हाइकाला माल संपला म्हणून सांगायचं आणि फोन ठेवायचा, ही दुकानाची रीत होती. सगळा नफा त्या सुट्या वस्तूंतच होता. पण लॉइडची नजर खालच्या फळीवर गेली. म्हाताऱ्याला सगळं माहीत आहे ना? मग सगळ्यालाच हो म्हणून टाकू.

"आणि नवा कोरा आहे ना?"

"कोराच."

म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "हे बघ पोरा, हा कॅमेरा मला एका घरी पाठवायचाय. रुसवा काढायचाय. चूक माझी आहे आणि तोंडाने कबूल करायला जीभ रेटत नाही. कॅमेरा भंगार निघाला, तर मीच खोटा ठरेन. कळतंय का?"

"कळतंय हो. मलाही तीन महिन्यांची पोर आहे." हे वाक्य तो सगळ्याच गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

"मग घे तिची शपथ."

लॉइडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा उपटसुंभ? स्वस्तात स्वस्त हवं म्हणून जाहिराती चाळायच्या आणि वर माझ्या पोरीवर घसरायचं? काचेपलीकडून डेकर टक लावून बघत होता.

"पोरीची शपथ," लॉइड म्हणाला. "नवा कोरा."

"ठीक. माझे डोळे अधू झालेत, पण कान शाबूत आहेत. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. लक्षात ठेव."

"ठेवतो हं, आजोबा," लॉइड मुद्दाम म्हणाला आणि त्याने फोन ग्लोरियाकडे जोडून दिला. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर सगळं तीच लिहून घ्यायची. माइकने नुसतं बोलायचं.

फळी रिकामी झाली. डेकरने त्याची पाठ थोपटली. लॉइडला स्वतःची किळस आली, आणि त्याचाही राग त्याने त्या म्हाताऱ्यावरच काढला. दिवसभर तो मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होता.

पुढच्या शुक्रवारी तो जिना चढून घरी आला, तर दार उघडंच होतं. टेबलावर एक तपकिरी खोकं फोडलेलं होतं. कॅरिन फोनजवळ उभी होती, एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात कॅमेरा. ती रडतही होती आणि हसतही होती.

"माझ्या आजोबांनी पाठवला! तुझ्याशी लग्न केलं म्हणून दोन वर्षं माझं तोंड बघितलं नव्हतं त्यांनी. पोरीचा फोटो काढायला घरात कॅमेरा नाही, असं मी पत्रात लिहिलं होतं फक्त. आणि आज बघ! विकणाऱ्याला पोरीची शपथ घ्यायला लावली म्हणे, तेव्हा कुठे घेतला."

लॉइड दारातच उभा राहिला.

"नवा कोरा आहे, फक्त हे कसलं काळं लागतंय कोण जाणे," असं म्हणत तिने पोरीची मूठ पुढे केली. इवलीशी बोटं काळीकुट्ट झाली होती.

मग तिने कॅमेरा ठेवला, बाजूला काढून ठेवलेला रिसीव्हर उचलला आणि त्याच्या हातात कोंबला.

"लाइनवरच आहेत ते. अरे, बोल ना काहीतरी! तुझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नाहीये."