नोंद नसलेली ओळ

"ही ओळ तुमची?" चौकशी समितीच्या अध्यक्षांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

विभागातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर असलेल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि परत सरकवला. "माझीच."

"नोंद न करता घातलीत?"

"हो."

मुख्य प्रोग्रामर समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. संगणक विभागात दोघांची टेबले शेजारी शेजारी होती. आज दोघांपैकी एकाला विभागाबाहेर जावे लागणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होते. सोमवारी मोठा संगणक कोसळला आणि अकरा रुग्णालयांत ऑक्सिजन किती दिवस पुरेल, हे तीन तास कुणालाच कळेना. ते सांगणारा प्रोग्राम तिने लिहिलेला होता. त्याआधी पंधरा वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता.

"ही ओळ करते काय? आम्हाला समजेल असं सांगा," अध्यक्ष तिला म्हणाले.

"एखाद्या वॉर्डात आज ऑक्सिजन वापरलाच नसेल, तर ही कालचा आकडा उचलते आणि आजचा म्हणून पुढे ढकलते. एक वॉर्ड रंगकामासाठी सलग दोन दिवस बंद होता. कालचाही आकडा शून्य. मशीन आडवं झालं."

"म्हणजे खोटा आकडा?"

"शिळा म्हणा. माझ्या प्रोग्राममध्ये, माझ्या पाठीमागे."

काका हसले. "पाठीमागे! बरं सुचतं तुला."

"काका, नोंदीशिवाय टिंबालासुद्धा हात लावायचा नाही, हे तुम्हीच माझ्या कानीकपाळी ओरडलात."

"ओरडलो खरा. आणखी काय काय शिकवलं, तेही आठवून बघ."

अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटले. "तुमची भांडणं बाहेर. ओळ घातलीत कशाला?"

"गरज होती."

"कुणाची?"

काका तिच्याकडे बघत राहिले. तिनेही नजर हलवली नाही.

"ते तिलाच विचारा," शेवटी ते म्हणाले.

"मला? साहेब, यांची चूकही आता मीच समजावून द्यायची का?"

एक सदस्य खुदकन हसला. निकाल तिथेच लागला.

काकांनी गळ्यातले ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले. दारात थांबून ते तिला म्हणाले, "नुसती ओळ काढू नकोस. सगळं पुन्हा झोपेल."

"धमकी देताय?" अध्यक्ष कडाडले.

काकांनी दार हलकेच लावून घेतले.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?" अध्यक्षांनी विचारले.

"दहा मिनिटं, साहेब."

ती जागेवर आली. शेजारच्या टेबलाकडे न बघता तिने पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. सोमवारी संध्याकाळीच लिहून ठेवलेली. मग प्रोग्राम उघडला.

शून्याने भागायला सांगितले की मशीन कोसळते. काकांच्या ओळीच्या बरोबर खाली तिचा स्वतःचा भागाकार होता: शिल्लक साठा भागिले आजचा वापर. वापर शून्य आला तर भागू नये, एवढी एक अट लिहायला ती पंधरा वर्षांपूर्वी विसरली होती. ते शून्य इतकी वर्षे काकांची ओळ अडवत आली होती. ती अट तिने चिठ्ठीवरून टाइप केली, दोनदा तपासली, आणि मगच काकांची ओळ पुसली.