बाही कोणी ओढली

“काका, एवढंच म्हणायचं. काकूंनी मागून बाही ओढली, म्हणून हात सुटला. बाकी मी पाहून घेते.”

परिवहन कार्यालयाच्या व्हरांड्यात सोनिया गुलाबरावांना पुन्हा पुन्हा पढवून राहिली होती. आता वकीलबाई झाली, तरी ती त्यांच्याच मोहल्ल्यातली, ब्राह्मणपाऱ्यातलीच पोट्टी, गुलाबरावांच्याच स्कूलबसमध्ये बसून मोठी झालेली. स्कूटरच्या अपघातानंतर लायसन्स सस्पेंड झालं तशी शाळेनं बस दुसऱ्याच्या हाती दिली होती. आजच्या सुनावणीत लायसन्स सुटलं तर बस परत मिळणार होती. नाही तर या वयात ड्रायव्हर माणसाला कोण काय काम देणार?

“आणि हे खोटं थोडीच आहे? तुम्हीच तर सांगितलं मले.”

“हव,” गुलाबराव म्हणाले.

खोटं नव्हतंच. रस्त्यात देऊळ आलं की त्यांची बायको कमलाबाई स्कूटरवर मागून बाही ओढायच्या, “अहो, हात जोडा न!” गुलाबराव कधी जोडत नसत. हँडल सोडून कसली आली भक्ती? देव काय ब्रेक मारणार आहे? त्या दिवशीही कमलाबाईंनी बाही ओढली, आणि काय मनात आलं कोण जाणे, गुलाबरावांनी दोन्ही हात जोडले. समोरच खड्डा होता. त्यांना नुसतं खरचटलं, आणि कमलाबाई जागीच गेल्या.

आतले साहेब भले होते. कागद चाळून त्यांनी स्वतःच विचारलं, “पत्नी ने पीछे से खींचा था न?”

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. सोनिया डोळे लावून पाहत होती.

“नहीं साहब,” गुलाबराव म्हणाले. “उसने कुछ नहीं किया. हाथ मैंने ही छोड़ा.”

साहेबांनी पुन्हा विचारून पाहिलं. सोनिया मध्ये पडली. पण म्हातारा काही केल्या हटेना. शेवटी सस्पेन्शन कायम राहिलं.

बाहेर येताच सोनिया भडकली. “काहून असं केलं काका? हातची बस घालवली तुम्ही! काकू काय आता वाईट मानणार होत्या?”

गुलाबराव पायरीवरच बसले. लोकांसमोर रडायचं नाही असं घरून ठरवून आले होते, पण रडले.

“जन्मभर बाही ओढली तिनं, पोरी. मी एकदाही ऐकलं नाही. उलट तिलेच अडाणी म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा हात जोडले, तर अशी खूश झाली… मागं बसून हसून राहिली होती. मले ऐकू येत होतं.”

त्यांनी तळव्यानं तोंड पुसलं.

“ते हसणं तिचा गुन्हा म्हणून लिहून देऊ काय?”