भरलेली बाटली

बुद्धप्रियाच्या बाटलीतलं पाणी झाकणाच्या दोन बोटं खाली होतं. सकाळी घरून निघताना ते तिथंच होतं. आता दुकानात दिवे लागले, तरी तिथंच होतं.

पोटऱ्या भरून येऊ लागल्या होत्या. ही कळ तिच्या ओळखीची होती. आधी पोटऱ्या, मग कंबर, मग थोरल्या भावाच्या, दिपकदादाच्या गाडीवरून थेट अपघात विभाग. सिकलसेल या रक्ताच्या आजारात भरपूर पाणी प्यावं, हे ज्ञान तिथं दर वेळी फुकट मिळे. मागच्या खेपेला तरुण डॉक्टरांनी ते मोबाइलवरची नजर न काढता दिलं होतं. "पुन्हा तुम्हीच? इंजेक्शनची गोडी लागली वाटतं." वहिनीचं निदान त्याहून झटपट होतं. भाकरी थापायची पाळी आली की हिचे पाय दुखतात. एवढ्या हुशार माणसांत, बाटली भरलेलीच का राहते, हे विचारायला मात्र कुणाला सवड झाली नव्हती.

ती कामाला होती त्या चादरींच्या दुकानात बायकांसाठी संडास होता. त्याची किल्ली मालक ईश्वरप्पांच्या डोक्यामागं खिळ्याला टांगलेली असे. ती मागायची तर गिऱ्हाइकांसमोर गल्ल्याशी जावं लागे. मग ईश्वरप्पा चष्मा कपाळावर चढवून साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणत, "आत्ताच जाऊन आलीस की. नळ गळायलाय काय?" ते हसले की गिऱ्हाईकही हसे, त्याला चादरीवर सूट हवी असे. एकदा तिच्यासोबत कामाला असलेली रेश्मा त्या हसण्यानं रडली. तेव्हापासून दोघीही दिवसभर कोरड्या घशानं घड्या घालत.

आज अक्कलकोटचं एक कुटुंब लग्नाच्या चादरी बघायला बसलं होतं. गठ्ठा घेऊन येणारी बुद्धप्रिया लंगडताना ईश्वरप्पांना दिसली.

"काय बाई, परत दवाखाना? तितंच एक खाट घेऊन टाक की." गिऱ्हाईक हसलं.

तिनं गठ्ठा खाली ठेवला. बाटली उघडली आणि सगळ्यांदेखत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग रिकामी बाटली गल्ल्यावर उभी केली. किती तरी दिवस जे ओठांशी येऊन मागं फिरत होतं, ते या वेळी फिरलं नाही.

"शेठ, संडासची किल्ली द्या," ती म्हणाली. "आणि आता ती खिळ्यावर जाणार न्हाय. आमच्यापाशी राहील."