खडीचा चढ

क्लेटनने ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. त्याने पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

बिगहॉर्नचा घाट जेमतेम निम्मा उतरून झाला होता. एका बाजूला लाल कडा, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसती हवा. पिकअपला मागे जोडलेला कॅम्पर, त्यातले पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं मिळून गाडीला पाठीमागून ढकलत होतं.

मागच्या सीटवर आठ वर्षांची हेटी सकाळी पाहिलेल्या किल्ल्याचं माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती.

"ममा, हे सैनिक भर हिवाळ्यात सरपण आणायला तटाबाहेर जायचे. भीती नसेल वाटत त्यांना?"

"वाटत असणार, बाळा," लिनेट म्हणाली. जळका वास तिला मघापासूनच येत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. क्लेटनने मान किंचित हलवली. नाही.

तिने आवाज खाली ठेवला. "गिअर खाली घेतलास का रे?"

"घेतला. याच्याखाली आता गिअर नाही." इंजिन किंचाळत होतं.

"बरं. हँडब्रेक जरासा ओढून बघतोस? अगदी हळू."

"बघतो हं."

त्याने ओढला. मागचा कॅम्पर सापासारखा वळवळला. त्याने हँडब्रेक सोडून दिला. गाडीचा वेग वाढतच होता. पुढच्या वळणावर टायर कर्कश ओरडले, पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत दाराला आपटली. समोर एक निळी गाडी रमतगमत, देखावा बघत चालली होती. क्लेटनने हॉर्नवर हात दाबून धरला. निळी गाडी कशीबशी कडेला सरकली आणि हे तिच्या अंगाला घासल्यासारखे पुढे गेले.

"हॉर्न का वाजवलास, डॅडी?"

"त्यांना हॅलो म्हटलं."

पिवळी पाटी आली आणि मागे गेली. लिनेटने ती वाचली होती. "या वळणानंतर उजव्या हाताला खडीचा चढ आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी केलेला."

"पाहिली मी पाटी."

"तू घेशील नीट. मला माहीत आहे."

"कॅम्पर उलटला तर..."

"उलटू दे, राजा."

मग ती मागे वळली. चेहऱ्यावर हसू आणलं. "हेटी, आपण खेळ खेळू या. पट्टा घट्ट कर, डोकं गुडघ्यांवर, हात मानेवर. किल्ल्यातली मुलं लपत असतील ना, तसं. मी सांगेपर्यंत वर बघायचं नाही."

हेटीने काही विचारलं नाही. माहितीपत्रक बाजूला ठेवलं आणि वाकली.

लिनेटने सीटांच्या मधून हात मागे घातला. हेटीचा बूट तेवढा हाताला लागला. तिने तो घट्ट धरला.

वळण आलं. गाडी एका अंगावर कलली. क्लेटनने चाक फिरवलं आणि पुढचं सगळं खडखडाटात बुडालं. पोटाखालून दगड उसळले, काचेला तडा गेला, पट्टे छातीत रुतले. मागे काहीतरी प्रचंड मोडल्याचा आवाज झाला. पिकअप खडीत रुतत, कण्हत, धक्के देत चढत राहिली.

मग थांबली.

धुळीत काही दिसत नव्हतं. कॅम्पर आडवा पडून त्याचं एक चाक अजून फिरत असल्याचा आवाज तेवढा येत होता. क्लेटन समोर बघत बसला होता. त्याची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. लिनेटने ती एकेक करून सोडवली.

लिनेटने मागे पाहिलं. "झालं हं, बाळा. वर बघ आता. संपला खेळ."

हेटीने मान वर केली. चेहरा पांढराफटक, दातांखाली धरलेल्या ओठावर रक्त आलेलं.

"खेळ नव्हताच तो," ती म्हणाली. "मला आधीच कळलं होतं."

"कधी?" क्लेटनचा आवाज कसाबसा फुटला.

"तुम्ही दोघं एकमेकांशी गोड बोलायला लागलात ना, तेव्हाच."