काथ्याचं टोक

१९७१ साली हर्णैला मला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी पडवीत काथ्याच्या नव्या दोराच्या टोकाला, पीळ सुटू नये म्हणून, सुतळी गुंडाळत होते. माझ्या फटकळ तोंडामुळे दोन स्थळं मोडली होती. आईने बजावलं होतं, "आज बोललीस तर जन्मभर घरीच बसशील."

मुलगा, हिराजी, मुंबईच्या ट्रॉलरवर होता. तिथे सगळे दोर नायलॉनचे. "अजून सुतळी गुंडाळता?" तो हसला. "आम्ही काडी लावतो. टोक वितळून घट्ट बसतं."

त्याने माझ्याकडून दोर घेतला आणि काडी ओढली. काथ्या वितळत नाही, जळतो, हे मी सांगू शकले असते. आईने डोळे वटारले. मी गप्प राहिले.

दोर छान पेटला. हिराजी वाट बघत राहिला. शेवटी वितळली ती त्याच्या टेरिलिनच्या शर्टाची बाही. मी पाण्याचा तांब्या त्याच्यावर उपडा केला.

"पोरीला वाचा नाही काय?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "आईने आज बंद ठेवायला सांगितलीय. नाहीतर तुमच्या मुलाला आधीच गाढव म्हटलं असतं."

आईने कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला. "पोरगी आमची," तो म्हणाला. "हिला बोलू द्या, नाहीतर हा घर जाळेल."

सासरे पुढे नऊ वर्षं जगले. घरात माझीच बाजू घ्यायचे. आई शेवटपर्यंत सांगायची, की मी गप्प बसले म्हणून लग्न जमलं. हिराजी गेल्या शिमग्यात गेला. तेव्हापासून मी फारशी बोलत नाही.