खरखर

स्पीकरमधून बारीक, सरळ शिट्टी यायला हवी होती. येत होती, पण खरखरीसकट.

दादाने टेबलावरच्या सर्किटकडे डोळे बारीक करून पाहिलं. टायमरची एक चिप, दोन-चार रेझिस्टर, एक कपॅसिटर. एवढ्याशा गोष्टीने त्याची अख्खी सकाळ खाल्ली होती. जोडण्या तपासून झाल्या, चिपसुद्धा बदलून झाली. म्हणजे खरखर बाहेरून येत होती, घरातल्याच कुठल्या तरी यंत्राची, विजेच्या तारेतून.

तो उठला आणि एकेक वस्तू बंद करत सुटला. फ्रिज झाला, पंखा झाला, ट्यूबलाइट झाली. दर वेळी टेबलाशी येऊन कान द्यायचा. खरखर तशीच.

मग तो वडिलांच्या खोलीत गेला. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणालाच खिळलेले; वाचाही गेलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली हवेची गादी होती आणि तिला हवा पुरवणारा पंप सतत घुरघुरत असे. दादाने उशाजवळचं पंपाचं बटण दाबलं.

बाहेर शिट्टी एकदम स्वच्छ झाली.

"सापडला चोर!" वडिलांकडे बघून तो हसला, आणि दार ओढून घेऊन गेला.

संध्याकाळी धाकटी बहीण कामावरून आली.

"ऐक," त्याने मान वर न करताच म्हटलं. "आहे का कुठे खरखर?"

ती तशीच आत गेली. गादीतली हवा पार गेली होती. बाबा पलंगाच्या नुसत्या फळीवर टाकल्यासारखे पडले होते. तिने त्यांना कुशीवर वळवलं. भरत आलेली जखम पुन्हा ओली झाली होती. सदरा जखमेला चिकटला होता.

"दादा, पंप कोणी बंद केला?"

"मी. त्याचीच खरखर येत होती सर्किटमध्ये."

"मग दुसरा काहीच उपाय नव्हता?"

"होता की. चिपच्या पायांशी एक छोटा कपॅसिटर लावला की झालं. डबाभर पडलेत. पण पुन्हा सोल्डरिंगचा डाग कोण देत बसणार?"

तिने बटण दाबलं. गादी हळूहळू वर यायला लागली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर शिट्टी फाटली.

"अगं, बंद कर ते!" दादा ओरडला. "रेकॉर्ड करतोय मी! आत्ताच सुचलं का तुला?"

त्याला चांगलं सुनावायला ती दाराकडे वळली. तेवढ्यात पाठीमागे खट्‌ झालं.

बाबांचा डावा हात उशाजवळच्या बटणावर टेकला होता. तेवढाच काय तो हात त्यांना हलवता येई.

"हां, आत्ता कसं!" बाहेरून दादा खुशीत म्हणाला.